बटणं आमची, नाव त्यांचं

परवा रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या घरात एका माणसाचा खून झाला.

मी हॉलमध्ये दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी लसूण सोलत बसलो होतो. (बँकेतला कारकून घरी काय करतो याची ज्यांना कल्पना आहे, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.) एवढ्यात चिरंजिवांच्या खोलीतून किंकाळी आली. साधीसुधी नव्हे. आधी आश्चर्य, मग वेदना, मग 'आता माझ्या मागे पोराबाळांचं कसं व्हायचं' ही काळजी आणि शेवटी घशातली घरघर, अशी चार अंकी किंकाळी. ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली,

"अहो, हा तर वरच्या भाऊंचा आवाज!"

भाऊ आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. व्यवसायाने नट. राज्य नाट्य स्पर्धेची दोन प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत. मालिकांतून डॉक्टर, इन्स्पेक्टर आणि एकदा प्रेत अशा भूमिका केल्या आहेत. दादर-गिरगावात ज्यांना जागा परवडत नाही असे पुष्कळ कलावंत नायगावपासून विरारपर्यंत पसरलेले आहेत, त्यातलेच एक. मी तसाच चपला घालून वर धावलो. भाऊ बनियनवर बसून ताकभात खात होते.

"भाऊ, तुम्ही ठीक आहात ना? आत्ता तुमची किंकाळी ऐकली."

"कुठली?" भाऊंनी शांतपणे विचारलं. "पडल्याची, भाजल्याची, का गोळी लागल्याची?"

"गोळीची असावी."

"शेवटी घरघर होती?"

"होती."

"मग ती सतरावी," भाऊ समाधानाने म्हणाले. "मागच्या वर्षी अंधेरीला केलं होतं ते काम. एका दुपारी साठ वेळा मेलो. सतरावी चांगली झाली होती. घ्या, ताक घ्या."

उलगडा झाला तो असा, की चिरंजीव मोबाइलवर जो व्हिडिओ गेम खेळतात त्यातल्या एका पहारेकऱ्याला भाऊंनी आवाज दिला आहे. मी खाली येऊन तो गेम नीट पाहिला. उघडल्याबरोबर हिंदी सिनेमातल्या एका बड्या हिरोचं चित्र येतं. हातात बंदूक, वाऱ्यावर केस, डोळ्यांत देशाची चिंता. खाली त्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत, की चष्म्याशिवाय वाचता यावं. नामावलीत भाऊंचं नाव शोधायला मी चष्मा लावला, मग ही लावते तोही लावून पाहिला. नाव नव्हतं. हिरो त्या गेममध्ये एकदाही किंचाळत नाही. तो मरतच नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. व्हिडिओ गेममध्ये सिनेमाचे नट कशाला? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, त्यामुळे कलेतलं मला कळत नाही असं लोक समजतात आणि बऱ्याच अंशी ते बरोबर आहे. पण या विषयातला माझा अनुभव जुना आहे.

आमच्या लहानपणी वसईत टीव्ही गेम आला तेव्हा नट फुकट मिळत. शेजारच्या मुलाकडे पिवळ्या कॅसेटीतला 'काँट्रा' होता. पडद्यावर दोन उघडेबंब इसम धावत आणि गोळ्या झाडत. त्यातला एक अर्नॉल्ड आणि दुसरा रॅम्बो असं आम्ही ठरवून टाकलं होतं, आणि 'आज अर्नॉल्ड मी होणार' यावरून मारामाऱ्या होत. पुढे कळलं की आमचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. त्या गेमच्या वेष्टनावरचं चित्र बॉब वेकलिन नावाच्या चित्रकाराने काढलं होतं आणि त्यातली एक आकृती अर्नॉल्ड श्वार्झनेगरच्या 'प्रेडेटर' सिनेमातल्या पवित्र्यावरून बेतलेली होती. १९८७ च्या 'मेटल गिअर'च्या वेष्टनावरचा वीरही 'टर्मिनेटर'मधल्या मायकेल बीनच्या फोटोवरून उतरवलेला. कुणी कुणाला विचारलं नाही आणि कुणाला पैसे मिळाले नाहीत. हे कायद्याला धरून होतं असं मी म्हणत नाही. पण त्यात एक गंमत होती. पडद्यावरची ती बाहुली बोटभरही नव्हती आणि तिला तोंडही धड नव्हतं, त्यामुळे अर्नॉल्ड तो आमच्या मनात होता. बाहुलीत शिरायला मला जागा होती.

ज्या दिवशी बाहुलीला खरं तोंड आलं, त्या दिवशी माझी जागा गेली. माझी मुख्य तक्रार ती हीच.

सिनेमात आपण हिरोकडे बघतो. गेममध्ये आपण हिरो होतो, निदान व्हायला पैसे भरतो. आता तिथेही जर हृतिक रोशनच उभा असेल, तर मी कोण? मी त्याचा ड्रायव्हर. बटणं मी दाबायची, अंगठे माझे दुखायचे, डोळ्यांचा नंबर माझा वाढायचा आणि जिंकल्यावर हसायचं त्याने. असली व्यवस्था मला नवीन नाही. बँकेत मी गेली वीस वर्षं तेच करतो आहे. लेजर मी जुळवायचं आणि शाखेच्या उद्घाटनाच्या फोटोत साहेबांनी उभं राहायचं. पण करमणुकीसाठी घरी येऊन पुन्हा तेच?

आपल्याकडे या प्रकाराचा इतिहास बराच आहे. डिसेंबर २००८ मध्ये आमिर खानचा 'गजिनी' आला आणि त्याच सुमारास हैदराबादच्या एफएक्स लॅब्जने त्याचा संगणकावरचा गेम काढला. मी त्यावेळी नवाकोरा संगणक हप्त्यावर घेतला होता. त्या कथेतल्या नायकाला दर पंधरा मिनिटांनी सगळ्याचा विसर पडतो. माझ्या संगणकाला दर दहा मिनिटांनी पडत असे. त्यामुळे आमचं दोघांचं छान जमलं, पण कथा काही पुढे सरकली नाही. मग २०११ मध्ये शाहरुख खानचा 'रा.वन'. तो सिनेमाच मुळी एका व्हिडिओ गेमवर आणि त्याचाही पुन्हा प्लेस्टेशनवर गेम. म्हणजे गेमवरच्या सिनेमावरचा गेम. आमच्याकडे याला फेरकर्ज म्हणतात, आणि शक्यतो देत नाहीत. पुढे 'धूम ३' आला, सलमानच्या 'सुलतान'चा आला. सिनेमा थिएटरातून उतरला की बहुतेक गेमही मोबाइलमधून उतरत.

यापेक्षा गंभीर मामला २०२० सालचा. २ सप्टेंबरला सरकारने पबजीवर बंदी घातली. आमच्या घरात त्या दिवशी सुतकी वातावरण होतं. चिरंजीव जेवले नाहीत. दोनच दिवसांनी अक्षय कुमारने 'फौजी' या देशी गेमची घोषणा केली. निव्वळ उत्पन्नातला २० टक्के भाग 'भारत के वीर' निधीला जाणार असं जाहीर झालं, ही गोष्ट चांगली, तिच्याबद्दल दुमत नाही. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला. चिरंजिवांनी सकाळी ध्वजवंदनाच्या आधीच उतरवून घेतला. गलवान खोऱ्यात चालायचं, शत्रू आला की हातघाई करायची, पुन्हा चालायचं. सुरुवातीला बंदूकही नव्हती. दुपारच्या जेवणापर्यंत चिरंजीव परत पुस्तक घेऊन बसले, हा एक फायदा मी प्रामाणिकपणे जमेच्या बाजूला मांडतो. पण अक्षय कुमारचं नाव ऐकून जे लाखो लोक धावले, त्यांनी नंतर दिलेले तारे पाहिले की लक्षात येतं: नट दारापर्यंत गर्दी आणू शकतो, आत बसवून ठेवू शकत नाही. ते काम खेळाचं.

हिशेबतपासणीच्या पुस्तकात 'गुडविल' नावाची एक मालमत्ता असते. ती दिसत नाही, हाताला लागत नाही, पण तिच्यासाठी रोख पैसे मोजावे लागतात. नट म्हणजे गुडविल. आता ज्या कारखान्याच्या ताळेबंदात सगळं गुडविलच आहे आणि यंत्रसामग्रीच्या रकान्यात शून्य, त्याला आमचा साहेब कर्ज देईल का? (देईलही. मोठा कारखाना असला तर देईल. तो विषय वेगळा.)

बरं, नट घेतलाच तर त्याला काम तरी त्याचं द्यावं! २०२० मध्ये 'फ्री फायर'ने हृतिक रोशनवरून 'जय' नावाचं पात्र काढलं. त्याची विद्या कोणती? शत्रू आडवा झाला की याची बंदूक आपोआप भरली जाते. अहो, ज्या माणसाला नाचताना पाहून आमच्या पिढीतल्या मुलांनी आपापल्या सांध्यांविषयीचे सगळे भ्रम सोडले, त्याच्याकडून बंदूक भरून घ्यायची? हे म्हणजे भीमसेन जोशींना आमंत्रण देऊन त्यांच्याकडून माइक टेस्टिंग करून घेण्यासारखं झालं. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर'वरही बंदी आली. २०२३ मध्ये 'बीजीएमआय'मध्ये रणवीर सिंग आला. तो निदान कपड्यांच्या बाबतीत गेमच्या जगाला शोभतो. इतरांना तिथे विचित्र पोशाख विकत घ्यावे लागतात, त्याला घरूनच आणता येतात.

या बाबतीत आमच्या विरारचा हक्क डावलला गेला आहे असं माझं मत आहे. गोविंदा विरारचा. इथूनच लोकल पकडून तो कामं मागत हिंडला. त्याच्यावर गेम काढायचा तर बंदूक-बिंदूक काही नको. संध्याकाळी दादर स्टेशन, विरार फास्ट आणि दोनच बटणं: एक शिरण्याचं, एक बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला वाट न देण्याचं. पायांत जी लवचीकता त्याने दाखवली ती याच गाडीत कमावली असणार, याबद्दल आमच्या डब्यात एकमत आहे. नटाची खरी करामत खेळणाऱ्याच्या अंगठ्यात उतरली तर त्याला बोलावण्यात अर्थ. नुसता चेहरा हवा तर कॅलेंडर आहे की!

चेहऱ्याची गंमत आम्ही वसईकर चांगली जाणतो. २०१६ च्या जानेवारीत कोल्डप्ले या विलायती बँडचं एक गाणं आलं. त्यात आमचा वसईचा किल्ला आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जो घेतला तोच. त्यात सोनम कपूरही आहे, पण डोळ्याची पापणी लवेपर्यंत. गाणं आल्यावर चर्चा कुणाची झाली? त्या पापणीची. किल्ला बिचारा तसाच उभा.

पण मी एकांगी बोलतो आहे असा आरोप नको. परदेशात काही ठिकाणी नटांनी गेममध्ये फार चांगली कामं केली आहेत. नोकरीला लागलो त्या काळात मी नालासोपाऱ्याच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून 'व्हाइस सिटी' पाहत असे. (खेळत असे म्हणायला मला संकोच वाटतो, माझी मोटार रस्त्यावर कमी आणि समुद्रात जास्त असे.) २००२ च्या त्या गेमच्या नायकाला रे लिओटाने आवाज दिला होता. चेहरा त्याचा नाही, आवाज तेवढा त्याचा. त्याच्या आधीच्या गेममधला नायक चकार शब्द बोलत नसे. लिओटाच्या आवाजात जी चीड होती ती ऐकून आपण गुंड आहोत असं मला, म्हणजे ज्याने आयुष्यात रिक्षावाल्याशीसुद्धा सुट्ट्या पैशांवरून वाद घातला नाही त्याला, खरोखर वाटे. लिओटा २०२२ मध्ये वारला तेव्हा मला एखादा जुना सहकारी गेल्यासारखं झालं.

दुसरं उदाहरण 'सायबरपंक २०७७'. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. त्यात किआनू रीव्ह्ज आहे, पण नायक तो नव्हे. नायक आपणच. रीव्ह्ज हा मेलेला रॉक गायक आणि त्याचं भूत एका चिपमधून आपल्या डोक्यात शिरलेलं. आपण रस्त्याने चाललो की हा कोपऱ्यात टेकून उभा, आपल्या प्रत्येक निर्णयाला नावं ठेवणार. यात समजायला अवघड असं आम्हाला काहीच नाही. आपल्याकडे याला अंगात येणं म्हणतात, आणि नावं ठेवणाराच हवा असेल तर चिपची गरज नसते, लग्न पुरतं. पण कल्पना उत्तम! नट मोठाच राहिला आणि खेळणाऱ्याची जागाही गेली नाही. तरी गंमत पाहा, इतका मोठा नट असूनही गेम आला तेव्हा चुकांनी इतका भरलेला होता, की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून लोकांना पैसे परत दिले. पुढे दुरुस्त्या होऊन २०२१ च्या जूनमध्ये तो परतला. खातं जुळलं नसेल तर वर कुणाचाही फोटो लावा, ऑडिटर येतोच.

तिसरा मला सगळ्यांत आवडतो. २०१९ चा 'डेथ स्ट्रँडिंग', जपानच्या हिदेओ कोजिमाचा. यात नॉर्मन रीडस चेहऱ्यासकट आहे आणि त्याला काम दिलं आहे कुरिअरचं. पाठीवर खोकी रचून डोंगरदऱ्या तुडवत सामान पोचवायचं, बस. ओझं नीट रचलं नाही की तोल जातो आणि हॉलिवूडचा नट नदीत सपशेल आडवा! ज्याने खांद्याला सॅक, हातात छत्री आणि दातांत पास धरून वसईचा पूल उतरला आहे, त्याला तो तोल कळतो. तिथे नट आपल्या कष्टात भागीदार आहे. इथे आपल्याकडे तो नुसता बोर्डावरचा अध्यक्ष.

आणि नटाशिवायही चालतं, हे पुण्याच्या लोकांनी दाखवलं. (पुण्याचं कौतुक माझ्या हातून घडतं आहे याची नोंद व्हावी.) नोडिंग हेड्स या तिथल्या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी. सेलिब्रिटी म्हणाल तर दुर्गा आणि विष्णू. ते कथा सांगतात आणि मानधन मागत नाहीत. नवी मुंबईतल्या 'लुडो किंग'मध्ये तर चार रंगांच्या सोंगट्यांखेरीज कुणीही नाही. लॉकडाउनमध्ये आमचं अख्खं कुटुंब रामायण संपलं की त्यावर बसत असे. सोंगटीला चेहरा नसतो म्हणूनच सासूबाईंची सोंगटी मारताना हात कचरत नाही.

आता पुन्हा भाऊंकडे येतो, कारण गेल्या आठवड्यात ते आमच्याकडे आले होते. हातात सहा पानांचा इंग्रजी कागद.

"साहेब, तुम्ही बँकेतले. बारीक अक्षर वाचता. जरा बघता का?"

मला साहेब म्हणणारा हा एकच माणूस आहे, त्यामुळे मी लगेच बघितलं. नव्या गेमचं काम होतं. पुन्हा मरण्याचंच, एक दिवसाचं. पैसे बरे होते. मी वाचत गेलो. भाऊंनी आपला आवाज 'संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी' देऊन टाकायचा होता.

"विश्वात म्हणजे?" भाऊंनी विचारलं.

"मंगळ, शनी वगैरे धरून."

"आणि कायम?"

"आमच्याकडे मुदत ठेवसुद्धा दहा वर्षांच्या वर घेत नाहीत, भाऊ."

अकरावं कलम मी दोनदा वाचलं. मिळालेल्या ध्वनिमुद्रणावरून यंत्राला तो आवाज शिकवण्याचा आणि त्यातून नवीन आवाज तयार करण्याचा अधिकार कंपनीला होता.

"म्हणजे पुढच्या वेळेला मरायला मला बोलावणारच नाहीत?"

"तुमच्या साठ मरणांवरून ते सहा हजार काढतील. मुद्दल तुमचं, व्याज त्यांचं."

भाऊ काही बोलले नाहीत. हिने चहा आणून ठेवला. मी आपलं वातावरण हलकं करावं म्हणून त्यांना अनिल कपूरची गोष्ट सांगितली. २० सप्टेंबर २०२३ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचं नाव, चेहरा, आवाज इतकंच काय, त्याच्या ढंगातलं 'झकास'सुद्धा परवानगीवाचून धंद्यासाठी वापरायला मनाई केली. झकास! तुमच्या-माझ्या आजीच्या तोंडातला शब्द. मला वाटलं भाऊ हसतील. ते म्हणाले,

"त्यांच्या झकासला कोर्ट आहे. माझी सतरावी किंकाळी कुणाची आहे हे तुमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक आहे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमेरिकेतल्या कलावंतांच्या संघटनेने याच प्रश्नावर जुलै २०२४ पासून जवळजवळ अकरा महिने गेम कंपन्यांविरुद्ध संप केला. त्याआधी २०१६-१७ च्या संपात ओरडून ओरडून घसा जातो ही एक मागणीच होती. हे मी त्यांना सांगितलं. "संघटना आहे त्यांची," भाऊ म्हणाले, आणि चहा संपवला. ज्याचा चेहरा पोस्टरवर त्याचे वकील असतात. ज्याच्या घशातून रक्त येतं तो संध्याकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, आणि सहा पानांचा कागद बँकेतल्या कारकुनाला दाखवतो. नट घेण्याविरुद्ध माझी जी काही तक्रार आहे तिच्यातला विनोदाचा भाग वजा केला, तर एवढी एक रक्कम शिल्लक राहते.

"मग सही करू का?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मी स्वतः आयुष्यात कुठलाही कागद पूर्ण वाचून सही केलेली नाही, गृहकर्जाचासुद्धा, आणि तो आमच्याच बँकेचा होता. पण त्या दिवशी मी खिशातलं पेन काढलं आणि पूर्वी धनादेशावर खाडाखोड केल्यावर करत असत तशी अकराव्या कलमावर आडवी रेघ मारून दाखवली. शेजारी भाऊंनी छोटी सही केली, खाली मोठी केली आणि कागद पाठवून दिला. त्याला आज नऊ दिवस झाले. अंधेरीहून अजून फोन नाही. जिन्यात भेटले की ते मला विचारत नाहीत आणि मीही विषय काढत नाही. काल हिने त्यांच्याकडे आगाशीची सुकेळी पाठवली, घशाला चांगली म्हणून. ती चांगली असतात की नाही, मला माहीत नाही.

चिरंजिवांची प्रगती मात्र त्या गेममध्ये खुंटली आहे. तीन दिवस झाले, एका पुलापाशी अडकले आहेत. मी विचारलं,

"का रे, पूल ओलांडता येत नाही का?"

"येतो. पण तिथे पहाऱ्याला भाऊकाका असतात."

"मग?"

"मग काय, खालून नदीतून जातो. दर वेळी बुडतो."